ऑर्व्हिलची वही

चौथा घाणाही फुटला. तबकात बोटाच्या पेराएवढ्या चुंबकाच्या वड्या होत्या आणि एकीचीही कड धड नव्हती. वॉशिंग्टनहून आलेल्या प्रुइट या सरकारी अधिकाऱ्याने एक वडी उजेडात धरली.

"मिसेस यॉस्ट, तुम्ही एकोणीस वर्षं भट्टीवर होतात ना?"

"भट्टीवर माझा नवरा होता. मी शेजारच्या टेबलावर वड्या तपासायचे. आणि ही ती भट्टी नव्हेच. ती तुम्ही चीनला जाऊ दिलीत."

"मॅडम, मी तेव्हा शाळेत होतो."

"तेच तर."

ही चुंबकं क्षेपणास्त्राचे पंख वळवणाऱ्या मोटारीत बसतात. इतकी वर्षं ती चीनकडून स्वस्तात यायची, म्हणून कुणाचं पोट दुखत नव्हतं. मागच्या वसंतात त्यांनी माल रोखला आणि मग वॉशिंग्टनला एकदम आठवलं, की ओहायोत आमच्या गावी असा एक कारखाना होता. नवी भट्टी आली, साठ माणसं लागली, आणि जुनी माहितगार म्हणून मलाही बोलावलं. सहा घाण्यांत एक तरी धड निघाला पाहिजे, नाहीतर सरकार हात झटकणार आणि साठही जण घरी. त्यांत माझी मुलगी जॅनेल. भट्टी तिच्याच हाताखाली आहे.

वड्या का फुटतात हे माझ्या नवऱ्याला, ऑर्व्हिलला, माहीत होतं. तापवणं कुणालाही जमतं, खरी मेख निववण्यात असते. कुठे थांबायचं, किती वेळ, पुन्हा किती चढवायचं, हे सगळं त्याने एका वहीत लिहून ठेवलं होतं. ऑर्व्हिल सहा वर्षांमागे गेला. वही त्याच्याही आधी गेली, आणि ती मी दिली. माझ्या या हातांनी.

बावीस वर्षांपूर्वी कारखाना विकला तेव्हा मालकांनी बजावलं होतं, की चीनहून येणाऱ्यांना नीट शिकवा, नाहीतर निरोपाचे पैसे विसरा. शिकायला आलेल्यांत वेन शूह्वा नावाची एक इंजिनियर होती. सहा आठवडे ती ऑर्व्हिलच्या पाठीशी उभी राहून प्रश्न विचारायची. आमच्या साहेबांनी एकोणीस वर्षांत त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. तो खुलून बोलायचा. चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण झालं, सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणला. पाहुणीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी तिला लोणच्यातल्या बीटची बरणी दिली आणि वही दिली. ऑर्व्हिल म्हणाला, "दे, दे. भट्टीच चालली, आता वही काय चाटायची?"

त्यानंतर दर नाताळला तिचं कार्ड येत राहिलं.

"आई, तिलाच विचार ना," चौथ्या घाण्याच्या संध्याकाळी जॅनेल म्हणाली. "वही आपली आहे. आपल्याच बाबांची."

मी विचारलं. आठवड्याने चार ओळी आल्या. 'वर्ना, ऑर्व्हिलच्या वहीवर इथे चारशे जण शिकले. मी त्याचं नाव सगळ्यांना सांगते. पण आता त्यातलं अक्षरही देशाबाहेर सांगायला मला बंदी आहे, माझा पासपोर्टसुद्धा ऑफिसात जमा आहे. कृपा करून पुन्हा लिहू नकोस.'

माझ्या नवऱ्याचं अक्षर, आणि ते चीनचं गुपित! मला इतका संताप आला, की ते पत्र घेऊन मी थेट प्रुइटच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, वाचू दे त्याला, कळू दे कुणी काय विकलं ते.

त्याने दोनदा वाचलं आणि उठून दार लावून घेतलं.

"तुम्ही चिनी इंजिनियरला या कामाबद्दल लिहिलंत?"

"मैत्रिणीला लिहिलं. नवऱ्याची वही मागितली."

"अहो मॅडम, हे मला दाखवायला नको होतं तुम्ही," तो हळूच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "आता मला हे वर कळवावंच लागेल."

"कळवा की. आणि तेव्हा शिकवा म्हणून कुणी दटावलं, तेही कळवा."

"त्यासाठी फॉर्ममध्ये जागा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर माझा पास चालेना. चौकशी पूर्ण होईपर्यंत आत यायचं नाही, असं पहारेकऱ्याने सांगितलं. जुन्या भट्टीजवळ उभं राहिलेलं सबंध गावात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते फाटकाबाहेर होतं.

पाचवा घाणा गुरुवारी निघायचा होता. त्या संध्याकाळी जॅनेल सातला घरी आली, कोट न काढताच खुर्चीत बसली. मी तिच्यापुढे मांसाचे काप आणि कुस्करलेले बटाटे ठेवले.

"फुटला?"

ती बटाटे चिवडत राहिली.

"किती वेळ निववलंत? मधे थांबलात का? अगं, बाबा मधे एकदा थांबायचे, मला दिसायचं टेबलावरून. ते बहुतेक..."

"आई, बोलू नकोस ना." तिचे डोळे भरून आले होते. "मला तुला काही सांगता येत नाही. तुझ्याकडून काही ऐकताही येत नाही. सही करून घेतलीय माझ्याकडून."