दुसरा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय आता त्यांच्या मालकीचा राहिला नव्हता. गाडी चालवायला शिकवण्यात उभी हयात गेली, आणि शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची भंबेरी उडाली की तो दाबायचा आणि दोघांचे जीव वाचवायचे, एवढंच त्याचं काम. पण सवयीला औषध नाही. घरी जेवताना बायकोने गरम पातेल्याकडे हात नेला तरी मास्तरांचा पाय टेबलाखाली खाडकन फरशीवर आपटायचा.

"अहो, पातेलं आहे ते, ट्रक नाही," बायको म्हणायची.

मास्तर पाय मागे घेत आणि पुन्हा ताटाकडे वळत. तिचं म्हणणं खरं असायचं, आणि खरं बोलणाऱ्या बायकोशी वाद घालू नये हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

घरात इतका मऊ असलेला हा माणूस रस्त्यावर उतरला की मात्र राग नाकाच्या शेंड्यावर घेऊनच बसायचा. त्यालाही कारण होतं. शिकवणीची गाडी दिसली की मागच्यांना हॉर्न वाजवायचा जणू परवानाच मिळतो. सगळे आईच्या पोटातूनच स्टिअरिंग धरून आलेले! मग मास्तर काच खाली करून मागच्याला चार गोष्टी सुनावत. पावसात तर बाही कोपरापर्यंत भिजेस्तोवर सुनावत. शिकणाऱ्यांना त्यांचा एक मंत्र पाठ होता: "हक्क आपला असेल तर वीतभरही मागे सरायचं नाही." त्यांच्या हाताखालून गेलेली सगळी माणसं पहिल्याच फटक्यात परीक्षा पास होत, आणि याचा मास्तरांना केवढा अभिमान.

त्यांची सूनबाईही तशीच पास झाली. ती नर्स होती. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, त्यामुळे घरात सासू, सासरे आणि ती. डोंगराकडच्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन बाळंतिणींना आणि म्हाताऱ्या माणसांना तपासायची जागा आरोग्य केंद्रात निघाली, तेव्हा तिने जीव तोडून अर्ज केला होता. चार भिंतींतल्या वॉर्डात तिचा जीव रमत नव्हता. केंद्र गाडी द्यायला तयार होतं, फक्त ती चालवणारा वेगळा मिळणार नव्हता. म्हणून मास्तरांनी तिला आपल्या गाडीत शिकवलं, परीक्षा झाली, परवाना आला, आणि एके दिवशी केंद्राची पांढरी छोटी गाडी दारात येऊन उभी राहिली. सोमवारपासून कामाला लागायचं होतं. पावसाळा ऐन भरात होता, डांबरावर पाण्याचा थर सुकायलाच तयार नव्हता.

"मी आपला नुसता बाजूला बसतो," सरावाच्या पहिल्या फेरीला निघताना मास्तर म्हणाले. नुसतं बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, पण म्हणाले खरे.

बाजाराच्या उतारावर पुढे चाललेल्या ट्रकचे मागचे लाल दिवे लागले. सूनबाईंना ते दिसले. मास्तरांनाही दिसले. मास्तरांचा पाय धाडकन खाली गेला, आणि खाली काहीच नव्हतं. नुसतं रबराचं पायपुसणं. केंद्राच्या गाडीला दुसरा ब्रेक कुठला असायला! सूनबाई हातात स्टिअरिंग घट्ट धरून, डोळे ट्रकवर लावून, तशीच. मग एकदम भानावर येऊन तिने सगळ्या ताकदीने ब्रेक दाबला. ओल्या रस्त्यावर गाडी साबणाच्या वडीसारखी सरकली आणि ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते परत आलं तेव्हा शब्द बरोबर घेऊनच आलं. "अगं, दिवे दिसले नाहीत का तुला? कुठे होतं लक्ष?"

"दिसले की."

"मग दाबला का नाहीस?"

सूनबाईंनी हँडब्रेक ओढला. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही दाबाल."

मागून हॉर्न वाजायला लागले, तरी मास्तरांनी काच खाली केली नाही.

त्या संध्याकाळी सूनबाईंनी सासूला सांगितलं, की केंद्रात नाही म्हणून कळवून टाकते. दुसऱ्या कुणाला तरी ती जागा मिळू दे. ही जागा तिला किती हवी होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मास्तर खिडकीशी, दोघींकडे पाठ करून बसले होते.

"घाबरून कसं चालेल?" ते म्हणाले. "मी इतक्या जणांना शिकवलं..."

"बाबा, रागावू नका," सूनबाई म्हणाली, "पण शिकवणीच्या गाडीत घाईचा ब्रेक मी एकदाही दाबलेला नाही. मी दाबायला जायचे आणि गाडी आधीच थांबलेली असायची. मला वाटायचं, वा, काय छान थांबवली मी. आज कळलं, कोण थांबवत होतं ते."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परीक्षेत कुणी ट्रक पुढे घालत नाही, तिथे आपल्या सवडीने थांबायचं असतं, हे ते बोलणार होते. पण बोलण्याआधीच त्यांच्या लक्षात आलं, की आपण तिचंच म्हणणं सिद्ध करतोय. पहिल्या फटक्यात पास झालेली ती सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. ती सगळी आज, या पावसात, कुठल्या ना कुठल्या उतारावर असतील. मास्तरांना खरोखर भीती वाटली.

"दिव्याखाली अंधार," ते पुटपुटले.

"अंधार बिंधार काही नाही," बायको म्हणाली. "तुम्ही पुढे बसताच कशाला? मागे बसा. मागे बसून काय दाबणार?"

"मागून शिकवू? उंटावरून शेळ्या हाकू?"

"हाका. शेळ्या हुशार आहेत."

मग सोमवारपर्यंत रोज सकाळी असं दृश्य दिसू लागलं, की सूनबाई पुढे आणि मास्तर मागच्या सीटवर, एखाद्या बड्या साहेबासारखे. फक्त साहेब इतके घामाघूम नसतात. पहिल्या दिवशी सूनबाईंना दोनदा सांगावं लागलं, "बाबा, पाठीत गुडघा लागतोय." मग गुडघे उसळू नयेत म्हणून मास्तरांनी त्यांच्यावर छत्री आडवी दाबून धरली. मागे बसून दाबता येत नव्हतं, म्हणून त्यांना सांगावं लागलं. आणि सांगावं लागलं, म्हणून आधी विचार करावा लागला. ओल्या रस्त्यावर पुढच्याशी नेहमीच्या दुप्पट अंतर ठेव. ब्रेक लवकर लाव आणि हलका लाव, म्हणजे आपली गाडी सरकणार नाही आणि मागच्यालाही वेळेत कळेल. रस्त्यावर रंगवलेले पट्टे आणि गटाराची झाकणं पावसात बुळबुळीत होतात, त्यांच्यावर वळू नकोस. साचलेल्या पाण्यातून बाहेर पडलीस की पाय जरा टेकवून ब्रेक सुकवून घे. डबकं आणि पायी चालणारा माणूस शेजारी शेजारी दिसले तर गाडी गोगलगाईसारखी ने, त्याचे कपडे काय तू धुणार आहेस?

सूनबाई सगळं ऐकत होती, करत होती, गाडी बरी थांबत होती. पण मनातून भीती जात नव्हती. सोमवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, केंद्रापर्यंत मागे बसा. तिथे पोचल्यावर ठरवते, हो म्हणायचं की नाही."

पाऊस धो धो कोसळत होता. नदीवरचा पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, आणि बाणाच्या पाटीप्रमाणे आधी जायचा हक्क या बाजूच्यांचा होता. पण सूनबाईंची गाडी पुलाच्या तोंडाशी आली, तोवर पलीकडून एक छोटी बस पुलावर येऊन मध्यभागी पोचली होती आणि तिच्यामागे गाड्यांची शेपटी लागली होती. बसवाल्याने हॉर्न दिला. त्याच्या मागच्यांनीही दिला. पुलावर नुसता कल्लोळ माजला.

मास्तर ताठ बसले. "हक्क आपला आहे. हलू नकोस."

"हक्क आपलाच आहे, बाबा," सूनबाई म्हणाली. "पण त्यांना मागे जायला जागाच नाही. आपल्यामागे फक्त एक दुधाचा टँकर आहे."

आणि मास्तर काही म्हणायच्या आत ती छत्री उघडून खाली उतरली. मागच्या काचेतून मास्तरांना दिसत होतं. ती टँकरच्या चाकाहून जेमतेम उंच, वर बघून बोलत होती. टँकरवाला आधी मान हलवून नाही म्हणाला. मग तिने पुलाकडे हात केला, काहीतरी बोलली, आणि तो हसला. परत आली तेव्हा तिची चप्पल पचपच वाजत होती.

"काय सांगितलंस त्याला?"

"म्हटलं, दादा, मी नवशिकी आहे, मागे घेताना तुमच्यावर आदळले तर तुमचंच दूध सांडेल. तुम्ही आधी घ्या, मी तुमच्या मागोमाग येते."

टँकर हळूहळू मागे सरला. सूनबाईंनी गाडी मागे घेतली, पार कडेला लावली. बस पूल उतरून आली आणि जाता जाता बसवाल्याने हात वर केला. मागच्या गाडीवाल्याने केला. त्याच्या मागच्या बाईंनी काच खाली करून, पावसात, हात बाहेर काढून केला. इतकी वर्षं मास्तरांनी या पुलावर हक्क राखला होता आणि बदल्यात शिव्या खाल्ल्या होत्या. शेवटच्या गाडीला सूनबाईंच्या आधी त्यांनीच हात केला, आणि मग आपण असं का केलं या विचाराने ते जरा लाजले.

पूल संपला की उतार लागतो. पुढे एक स्कूटरवाला चालला होता. मागे टँकर होता, पण आता तो ओळखीचा झाला होता. चांगलं अंतर ठेवून सावकाश येत होता. मास्तर त्याच्याकडेच वळून बघत होते. पुन्हा पुढे वळले तर स्कूटरचं चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलेलं, आणि क्षणात स्कूटर एकीकडे, माणूस दुसरीकडे, रस्त्याच्या मधोमध.

ओरडायला मास्तरांनी श्वास घेतला. शब्द बाहेर यायच्या आत गाडी थांबलेली होती. सरकली नाही, तिरकी झाली नाही, कुठे कचकन आवाज नाही. माणूस बराच पुढे होता, चांगला पाच-सहा पावलांवर, आणि उठून बसत होता. मागे टँकरही थांबला होता आणि त्याचे पिवळे दिवे लुकलुकत होते, म्हणजे मागून येणाऱ्यांना लांबूनच कळावं.

सूनबाई बॅग घेऊन केव्हाच उतरली होती. भर पावसात ती त्या माणसाशेजारी गुडघ्यावर बसली, त्याचं कोपर वाकवून पाहिलं, डोळ्यांत पाहिलं, मान हलवता येते का विचारलं. त्याचं कोपर सोलवटलं होतं, बाकी हाडं शाबूत होती, पण भीतीने त्याचे दात वाजत होते. टँकरवाला उतरून त्याची स्कूटर कडेला नेत होता. मास्तर छत्री घेऊन रस्त्यात उभे राहिले आणि येणाऱ्या गाड्यांना हळू, हळू, असं खुणावू लागले. मरता मरता वाचला बिचारा, हा विचार एकदा आला. आणि त्याला वाचवताना मी काहीच केलं नाही, हा विचार पाठोपाठ आला. आश्चर्य म्हणजे दुसऱ्या विचारानेच त्यांना जास्त बरं वाटलं.

स्कूटरवाला चहा प्यायला टपरीवर गेला, तेव्हा सगळे पुढे निघाले. उतार संपला तिथे, बसथांब्यासमोर, सूनबाईंनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना वाटलं, मघाच्या प्रकाराने ती पुरती खचली असणार. "हे बघ, बाळ, एवढ्यावरून नाही म्हणू नकोस. तू फार चांगली थांबवलीस."

"बाबा, उतरा," सूनबाई म्हणाली. "इथून घरी जाणारी बस मिळेल तुम्हाला. केंद्रात हो सांगते आणि तशीच वरच्या वस्तीवर जाते. एक ओली बाळंतीण आहे, वाट बघत असेल." मग ती म्हणाली, "तुम्ही मागे असलात की मला अजूनही वाटतं, तुम्ही काहीतरी कराल. आता असं वाटून चालायचं नाही."

मास्तर उतरले. दार हळू लावलं. काही तरी सांगायला हवं म्हणून त्यांनी काचेशी वाकून "सावकाश" एवढंच म्हटलं, आणि ती हसली.

गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली. पहिलं वळण तसं अवघड, आतल्या बाजूला कायम पाणी साठलेलं. मास्तर श्वास रोखून बघत राहिले. वळणाच्या बऱ्याच आधी गाडीचे लाल दिवे लागले, शांतपणे लागले, विझले, आणि गाडी पाणी न उडवता वळून दिसेनाशी झाली.

थांब्यावर पिशवी घेऊन बसलेली एक म्हातारी हे सगळं बघत होती. "तुमची लेक का हो?"

"सून."

"छान चालवते हो. एवढ्या पावसात नाहीतर लोक आम्हाला न्हाऊ घालून जातात. कुणी शिकवली?"

उभ्या आयुष्यात या प्रश्नाला मास्तरांनी एकच उत्तर दिलं होतं, आणि तेही छाती पुढे काढून. आज ते म्हातारीशेजारी बाकावर बसले, ओली छत्री मिटली, आणि म्हणाले, "तिची तीच शिकली. मी आपला मागे बसलो होतो."