रेडिएटरवरचा आळ

मी रेडिएटर बोलतोय. आवाज जरा घोगरा वाटेल, कारण माझ्या दोन नळ्या बोअरिंगच्या पाण्यातल्या क्षाराने बुजल्या आहेत.

मुक्काम डोळखांबजवळचा एक पाडा. रघूच्या जीपमध्ये, पुढच्या जाळीच्या मागे मी उभा असतो. ही जीप रोज डोळखांब ते शहापूर माणसं नेते-आणते. लोक गाडीत बसताना सीट दाबून बघतात, गाणं कुठलं लावलंय ते विचारतात. माझी विचारपूस फक्त वाफ निघाल्यावर होते.

माझं काम सोपं आहे. इंजिनात डिझेल जळतं. त्यातल्या थोड्या आगीने चाकं फिरतात, बाकीच्या आगीने इंजिन नुसतं तापतं. पंप इंजिनभोवती पाणी फिरवतो. ते पाणी सगळी धग घेऊन वरच्या पाइपाने माझ्याकडे येतं आणि माझ्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं. नळ्यांना पातळ पात्या आहेत. समोरून वारा येतो, पात्यांमधून जातो आणि जाताना धग घेऊन जातो. गार झालेलं पाणी खालच्या पाइपाने पुन्हा इंजिनाकडे. म्हणजे खरं गार करतो तो वारा. मी फक्त पाण्याची आणि वाऱ्याची गाठ घालून देतो. हे मी केव्हाच सांगितलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी रघूची एकुलती लेक दर्शना दहावी पास झाली. पाड्यावरची दहावी झालेली ती पहिलीच मुलगी. रघूचे पाय जमिनीला लागेनात. त्याने शहापुरातल्या पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला. दोन हात लांब, एक हात रुंद, मधे लाल अक्षरांत 'दर्शना' आणि दोन्ही बाजूंना मोर. लावायचा कुठे? सगळ्यांना आधी दिसेल तिथे. म्हणजे माझ्या तोंडावर. चार बोल्टांनी तो जाळीवर आवळला. रघूच्या बायकोने, सुंदराने, हळदकुंकू वाहून नारळ फोडला. नारळाचं पाणी फटीतून माझ्या अंगावर उडालं. बरं वाटलं.

पंधरा दिवसांत परतीच्या चढावर पहिली वाफ निघाली.

चढावर गाडी हळू चालते, इंजिनाला मात्र जोर जास्त लागतो. तिथे मला वारा सगळ्यात जास्त हवा असतो. तो सगळा मोरांना लागत होता.

संदेश मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅटला पकडलं. ही एक छोटी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती पाणी अडवून धरते, नीट तापलं की माझ्याकडे सोडते. "हाच पाणी अडवतो रे. काढून टाकू, झंझट नाय," असं म्हणून संदेशने ती नटबोल्टांच्या डब्यात टाकली. मग थंडीत सकाळी इंजिन गरम होईना आणि दुपारी चढावर गार होईना. पुढे पट्टा बदलला, पंप बदलला. मला उतरवून धुतलं आणि स्वच्छ अंगाने पुन्हा बोर्डामागे उभं केलं. सुंदराने गाडीची दृष्ट काढली आणि लिंबू-मिरच्या बांधल्या. बोर्डाखाली थोडी फट उरली होती, तिथे.

एकदा रघूने गरम असतानाच माझं झाकण उघडलं. झाकणाच्या दाबामुळे माझ्यातलं पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. दाब सुटला की मात्र ते एकदम उसळतं. रघूच्या मनगटावर तो डाग अजून आहे. मला फार वाईट वाटलं. पाणी माझ्याच पोटातलं होतं.

यंदाच्या मार्चमध्ये एका शनिवारी रघू सुंदराला म्हणाला, "आता एकदा तापली का इंजिन गेला, असं संदेश बोलतो. सोमवारी मुरबाडचा गिऱ्हाईक येतोय. दिऊन टाकतो. मी वाशिंदला गोदामावर वॉचमन लागन."

मुरबाडचा तो गिऱ्हाईक गाड्या तोडून सुटे भाग विकतो. मी सुटा भाग आहे. मला अर्थ कळला.

दर्शना आता शहापूरला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकते. रविवारी सकाळी तिने इंजिन चालू केलं, वहीचं पान फाडलं आणि बोर्डासमोर धरून सोडलं. माझ्या पाठीमागचा पंखा वारा ओढतो, तेव्हा पान जाळीला चिकटायला हवं. ते सरळ खाली पडलं.

"बाबा, गाडी कदीपासून तापते?"

"झाली दोन वर्सं."

"आणि हा बोर्ड कदी लावला?"

रघूने बोटांवर महिने मोजायला घेतले आणि मधेच थांबला. मग चिडला. "लेकीचं नाव उतरवतात का गो? लोक ईचारतील, पोरीचं काय झालं!"

"सांगा, पोरगी गाडीत बसलीय."

तिने पाना घेतला. तीन बोल्ट निघाले. चौथा गंजलेला, ती पान्याला अक्षरशः लोंबकळली. शेवटी रघूनेच तिच्या हातातून पाना घेतला. बोल्ट सुटला तेव्हा त्याने डोळे पुसले आणि डोळ्यात गंज गेला म्हणाला.

सोमवारी दर्शनाने आयटीआयला दांडी मारली आणि पुढच्या सीटवर बसली. परतीच्या चढावर जीप गच्च भरलेली. रघू रस्त्यापेक्षा इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडेच जास्त बघत होता. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. नेहमीच्या आंब्याखाली रघूने सवयीने गाडी थांबवली, आणि माणसंही सवयीने उतरली.

"आज पानी नाय ओतलंस?" म्हाताऱ्या धोंडीबाईने विचारलं.

"नाय तापली," रघू म्हणाला. मग दर्शनाला हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तुजं नाव पुढं हाय म्हंजे गाडी सुखरूप जाते. दोन वर्सं मीच तिचा गळा दाबून होतो."

वाचकहो, एक विनंती करतो. आम्हाला बोअरिंगचं पाणी पाजू नका, कूलंट घाला. गरम असताना झाकण उघडू नका. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याचं नाव गाडीच्या मागच्या दारावर लिहा.

तेवढ्यात रघूचा फोन वाजला. मुरबाडचा गिऱ्हाईक किन्हवलीपर्यंत आला होता. रघूने फोन लेकीच्या हातात दिला. "मालकिणीशी बोला."

"गाडी विकायची नाय," दर्शना म्हणाली. "काय नाय झालं तिला. रेडिएटर चांगला हाय."

माझ्याबद्दल कोणी असं बोलायची ही पहिलीच वेळ. मी ऐकत राहिलो. समोरून वारा येत होता.