कॉफीचा शिळा भाव

‘शिडी’ हा खेळ मी काढला. टीव्हीवरच्या आमच्या सकाळच्या कार्यक्रमात तो एकोणीस वर्षं चालला आणि पहिले अकरा आठवडे सोडले तर झकास चालला. त्या अकरा आठवड्यांचं पाप माझं, हेही सांगून टाकतो.

खेळ अगदी सोपा. टेबलावर किराणामालाच्या पाच वस्तू मांडलेल्या, भाव झाकलेले. स्पर्धकाने स्वस्तापासून महागापर्यंत एकेक वस्तू उचलायची. पहिली बरोबर आली की पाच डॉलर, दुसरीला पन्नास, तिसरीला पाचशे आणि चौथीला पाच हजार, रोख, तिथल्या तिथे हातात. पाचवी आपोआपच शेवटची. वाटेल त्या पायरीवर थांबून पैसे घेऊन घरी जायची मुभा, पण एकदा चुकलं की सगळं गेलं. १९७३ च्या सप्टेंबरात मी हे एका हॉटेलात अंडी खाताना कागदी रुमालावर लिहून काढलं. निर्माता गेलॉर्ड ब्रँडव्होल्ड याने रुमाल वाचला आणि माझ्या न्याहारीचे पैसे भरले. गेलॉर्डला कुणाचे पैसे भरताना त्यानंतर कधी पाहिलं नाही.

अडचण एवढीच की मी तिन्ही त्रिकाळ हॉटेलात जेवणारा माणूस. वस्तू मी वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहून निवडायचो. सुरुवातीला मीठ, साबण, अख्खा टर्की पक्षी असलं काहीतरी मांडलं. आंधळाही जिंकला असता, आणि जिंकत होतेच लोक. तीन आठवड्यांत वाहिनीचे हिशेबनीस गेलॉर्डच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मग मी एकेका सेंटाच्या फरकाच्या वस्तू मांडल्या. आता कुणीच जिंकेना. बायका रडवेल्या होऊन जागेवर परतायच्या आणि घरचे प्रेक्षक चॅनल बदलायचे.

“मेरिट, दोन आठवडे देतो,” गेलॉर्ड म्हणाला. “नंतर तुझ्या शिडीचं सरपण.”

त्याच आठवड्यात रिसीडा या उपनगरातून एक पत्र आलं. लिहिणारी विल्मा ड्रॅगू, एका मोठ्या किराणा दुकानातली मुख्य कॅशियर, गल्ल्यावर उभं राहून बावीस वर्षं झालेली. पत्र चार ओळींचं होतं. ‘खेळ चांगला आहे. पण जो कुणी तो मांडतो, त्याने जन्मात कधी बाजारहाट केलेला नाही. मी दुपारी एक ते दीड मोकळी असते.’

मी एकला दुकानात हजर. विल्माबाई उंच, हाडापेराने मजबूत, केस घट्ट बांधलेले. दुकानाचा हिरवा एप्रन तसाच अंगावर ठेवून मागच्या खोक्यावर बसून सँडविच खात होत्या.

“तुम्हीच का ते?” त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “वाटलंच. बरं, मला सांगा, बायकांना भाव कशाचा पाठ असतो?”

“महागाच्या वस्तूचा?”

“दर आठवड्याला घ्यायच्या वस्तूचा! दूध, पाव, साबण. दालचिनीची डबी बाई वर्षातून एकदा घेते, तिथे ती अंदाजच करते. आणि डबी एवढीशी, म्हणून तिला वाटतं स्वस्त असेल. तीन रोजच्या वस्तू ठेवा, दोन क्वचित घ्यायच्या. पहिल्या पायऱ्या तिला हसत चढू द्या. वर गेल्यावर घाम फुटला पाहिजे.”

सँडविच संपेपर्यंत माझा खेळ उभा राहिला होता. मी तिथेच नोकरी देऊ केली.

“घेते,” त्या म्हणाल्या. “पण शनिवारचा गल्ला सोडणार नाही. तुमचं उद्या बंद पडलं तर मी काय तुमच्या नावाने बोंब मारू?”

बंद काही पडलं नाही. विल्माबाई चाकाची जाळीची गाडी घेऊन दुकानं हिंडायच्या, वहीत भाव टिपायच्या आणि पाच-पाच वस्तूंचे संच जुळवायच्या. साधारण पाच-सहा जणांमागे एक पाच हजार घेऊन जायचा. हिशेबनीस खूश, प्रेक्षक खूश. भावाच्या पाट्या रंगवायला वेळ लागायचा, म्हणून त्या चित्रीकरणाच्या तीन आठवडे आधीच तयार होत. साध्या दिवसांत याने काही बिघडत नव्हतं.

पण ७७ चा वसंत साधा नव्हता. ब्राझीलमध्ये हिम पडून कॉफीची झाडं जळाली होती आणि कॉफी आठवड्याआड महाग होत होती. मी म्हटलं, “विल्माबाई, या खेपेला कॉफी नको. तिचा भरवसा नाही.”

“बाजार मी बघते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिडी बघा.”

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, मंचावर आल्या आर्डिथ पोमरॉय. ऑक्सनार्डजवळ लिंबांच्या वखारीत लिंबं निवडायचं काम करायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पिवळा ब्लाउज घातलेल्या. टेबलावर मीठ, वाटाण्याचा डबा, दालचिनी, कपडे धुण्याची पावडर आणि कॉफी. त्यांनी मीठ उचललं, पाच डॉलर. वाटाणे, पन्नास. दालचिनीपाशी क्षणभर थबकल्या, मग उचलली. पाचशे.

“थांबायचं का?” आमचा निवेदक डेक्स्टर याने नोटा त्यांच्या नाकासमोर हलवल्या.

“थांबायचं कशाला? मला येतंय की.” त्यांनी पावडरीच्या खोक्यावर हात ठेवला. “ही चौथी. कॉफी सगळ्यात महाग.”

पावडरीची पाटी उलटली, दोन डॉलर नव्व्याण्णव. कॉफीची उलटली, दोन डॉलर एकोणऐंशी. हरल्याचा भोंगा वाजला आणि तीनशे प्रेक्षकांनी एकदम हळहळ केली.

आर्डिथबाई जागच्या हलल्या नाहीत. “ही पाटी चुकलीय.”

“दुकान बदला, बाई!” डेक्स्टर हसत म्हणाला.

“हसता कशाला? काल संध्याकाळी घेतलाय मी डबा. तीन डॉलर एकोणीस. हाच, याच मापाचा. तुम्ही स्वतः कधी घेतलात शेवटचा?”

प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “खरं आहे तिचं!” मग दुसरी, तिसरी. गेलॉर्ड वरच्या काचेच्या खोलीतून खुणा करत होता, पुढे चला, पुढे चला. आणि तेवढ्यात पडद्याच्या बाजूने विल्माबाई निघाल्या, थेट कॅमेऱ्यासमोर, हातात वही.

“थांबवा,” त्या म्हणाल्या. “भाव माझा आहे, आणि तो शिळा असेल.”

मागे काय धुमाकूळ झाला ते काय सांगू! गेलॉर्ड जिना उतरून धावत आला. “विल्मा, वेड लागलंय का तुला? पाटीवर आहे तोच आपला भाव! नियम आहे तसा.”

“नियमात ‘बाजारभाव’ असं आहे,” कोपऱ्यातून हॅलोरन म्हणाला. हा वाहिनीचा माणूस, खेळ सचोटीने चालतो की नाही एवढंच पाहायला नेमलेला. १९५० च्या दशकात टीव्हीवर प्रश्नोत्तरांच्या खेळांत स्पर्धकांना आधीच उत्तरं पढवून ठेवत, ते उघडकीस आलं, देशभर छी थू झाली आणि कायदा आला. तेव्हापासून असा एक माणूस प्रत्येक खेळाच्या मानेवर बसलेला असे. “मीच लिहिलाय तो नियम. दुकान कुठं आहे?”

स्टुडिओच्या मागच्या रस्त्यावर दोन दुकानं होती. तिघं पायीच गेलो, विल्माबाई पुढे, हॅलोरन आणि मी मागे धापा टाकत. पहिल्या दुकानात त्यांनी फळीवरून कॉफीचा डबा उतरवला. चिकटपट्टीवर तीन डॉलर एकोणीस. त्यांनी नख घालून ती उचकटली. खाली दोन पंच्याण्णव. तीही उचकटली. खाली दोन एकोणऐंशी.

विल्माबाई त्या तिसऱ्या पट्टीकडे बघत राहिल्या. “ही माझी,” त्या हळूच म्हणाल्या. “तीन आठवड्यांमागची.”

दुसऱ्या दुकानात तर तीन पंचवीस होता. पावडर मात्र दोन्हीकडे दोन नव्व्याण्णवच. हॅलोरनने घाम पुसला. “पुरे. मला कळलं.”

परत आलो तेव्हा पाऊण तास उलटला होता. डेक्स्टरचे विनोद संपले होते. आर्डिथबाईंना बसायला स्टूल दिलं होतं, त्या बसल्या नव्हत्या. गेलॉर्ड म्हणाला, खुलासा डेक्स्टर करेल, दोन वाक्यांत. विल्माबाईंनी ऐकलं नाही. दिवे लागताच त्यांनी तो पट्ट्या सोललेला डबा टेबलावर ठेवला.

“मी विल्मा ड्रॅगू. या खेळातले भाव मी काढते. आज माझा भाव चुकला. बाजारात पावडरीपेक्षा कॉफी महाग आहे, आणि या बाईंनी तेच सांगितलं होतं.”

“सांगितलंच होतं,” आर्डिथबाई म्हणाल्या.

प्रेक्षक उभे राहिले. डेक्स्टरने पाच हजार मोजून हातात दिले. बाईंनी गड्डी घेतली, आणि लिंबं निवडणाऱ्या त्या बोटांनी स्वतः पुन्हा मोजली, मगच हसल्या.

मंचामागच्या वाटेत गेलॉर्ड लालबुंद होऊन उभा होता. “पाऊण तास! तीनशे माणसं आणि अख्खं युनिट खोळंबलं! विल्मा, तू उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं,” विल्माबाई म्हणाल्या आणि वही त्याच्या हातात दिली. “सोमवारच्या शिळ्या पाट्यांचे नवे भाव कोण काढणार, तेवढं ठरवा.”

गेलॉर्डने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. हॅलोरन म्हणाला, “ही बाई जात असेल तर मी खेळच बंद करायला लिहीन. आपली चूक आपण होऊन सांगणारा माणूस या इमारतीत मला आजवर दुसरा भेटलेला नाही.” गेलॉर्डने वही परत केली आणि शिव्या देत वर गेला. तो विषय तिथेच मिटला.

मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त आठवते. गाडीतळावर आर्डिथबाई आपल्या बहिणीची गाडी यायची वाट पाहत होत्या. विल्माबाई त्यांच्याजवळ गेल्या. मी दोन पावलं मागे.

“तुम्ही दुकानात काम केलंय का कधी?” आर्डिथबाईंनी विचारलं.

“बावीस वर्षं आणि वर. अजून शनिवारी असते.”

“मग असं कसं झालं?”

“गर्व, बाई. यांनी सांगितलं होतं, कॉफी ठेवू नका. मी म्हटलं, मला काय शिकवता.”

आर्डिथबाईंनी थोडा विचार केला. “गर्व असावा हो. मला नव्हता का? पाचशे हातात होते, गुपचूप घेऊन जाता आलं असतं. पण त्यासाठी बाजारात रोज जावं लागतं.”

विल्माबाई मोठ्याने हसल्या. मग दोघी गाडी येईपर्यंत हिमाबद्दल बोलत बसल्या, कारण लिंबाच्या बागांनाही नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात त्याची धास्ती होती.

त्या दिवसापासून आम्ही नियम बदलला. रंगवलेल्या पाट्या गेल्या, सरकत्या आकड्यांच्या आल्या. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी सातला विल्माबाई दोन दुकानांत जायच्या, हॅलोरन सोबत. डेक्स्टर खेळाच्या सुरुवातीला म्हणायचा, “भाव आज सकाळचे!” आणि प्रेक्षक ते त्याच्यासोबत ओरडायचे. हे पुढे इतकं गाजलं की गेलॉर्ड मुलाखतींत ते आपल्याला सुचलं असं सांगू लागला. विल्माबाई ते वाचून म्हणाल्या, “सांगू दे. सातच्या आधी उठायला तर मलाच लागतं.”

८८ साली त्या निवृत्त झाल्या. आपली जागा त्यांनी स्वतः निवडलेल्या, लाँग बीचच्या एका कॅशियर बाईंना दिली. तोवर दुकानांत बारकोडच्या पट्ट्या वाचणारी यंत्रं आली होती. भाव वस्तूंवरून गेले आणि फळीवर आले. स्पर्धकांची पंचाईत होऊ लागली. साबण केवढ्याला, हेही लोकांना सांगता येईना. ९२ च्या मे महिन्यात वाहिनीने शिडी उतरवली आणि तिच्या जागी मोटारींचा खेळ आणला. शेवटच्या भागाला मी विल्माबाईंना बोलावलं. आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. त्या दिवशीचा स्पर्धक, टक्सनचा एक निवृत्त बसचालक, चौथ्या पायरीपर्यंत चढला आणि पाच हजार घेऊन गेला.

बाहेर पडताना मी विचारलं, “वाईट वाटतंय का?”

“कशाचं?” त्या म्हणाल्या. “एकोणीस वर्षं चालला. तुमच्या त्या मोटारी चार वर्षं तरी टिकतात का, बघू.”

तीन टिकल्या.