मास्तरांचा ओटा

ट्रक शेवटच्या चढाला लागला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि दाजींच्या कमरेने केव्हाच हात टेकले होते. पहाटेपासूनची ही तिसरी टाकी. दोन वेगवेगळ्या शेतांवर उतरवून झाल्या होत्या. ही दहा हजार लिटरची, काळी, थोराड, मागे आडवी पडून प्रत्येक खड्ड्याला गुरगुरत होती.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. ट्रकवर सोबतीला त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ असायचा, तो त्यांना दाजी म्हणायचा, आणि ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली होती. मेहुणा धाकटा म्हणजे पन्नाशीचा. हाडं कुरकुरायला लागली होती, पण तोंड अजून विशीतलं होतं.

"दाजी, ही टाकी उतरली की मी इथेच आडवा होणार," तो म्हणाला. "ताईला सांगा, भाऊ गेला."

"सांगतो. ती म्हणेल, टाकीचे दोर परत आणलेत ना?"

घर उतारावर होतं. खाली विहीर, मध्ये तीन खोल्यांचं बसकं घर, आणि घराच्या पाठीमागे, छपराच्याही वर, टाकीसाठी बांधलेला गोल ओटा. गाडीचा आवाज ऐकून एक बाई विहिरीकडून वर आल्या. दोन्ही हातांत बादल्या, उजव्या गुडघ्याला पट्टा. दर चार पावलांनी त्या थांबत होत्या. त्यांच्या आधी त्यांचे यजमान पुढे आले. निवृत्त शाळामास्तर, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, हातात वही.

"सगळं तयार आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही फक्त ठेवायची."

त्यांनी दाजींना वर नेऊन ओटा दाखवला. मधोमध खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखलेलं, कडेने दगड एकाला एक घासून बसवलेले, वर चाळलेल्या वाळूचा थर. पारदर्शक नळीत पाणी भरून मास्तरांनी पाणसळ केली होती आणि आठ ठिकाणी पातळी तपासून आकडे वहीत लिहिले होते. तीन महिने रोज सकाळी दोन तास ते एकट्याने खपले होते.

"विहिरीवर पंप आहे, पण विजेचा भरवसा नाही," मास्तर म्हणाले. "वीज आली की टाकी भरून घ्यायची. मग पाणी आपल्या पायांनी घरात उतरेल. हिची पायपीट संपेल."

दाजींनी असे शेकडो ओटे पाहिले होते. इतका देखणा क्वचितच. ते डोंगराच्या बाजूला उभे राहिले आणि टाच आपटली. ठण्ण वाजलं. उताराच्या बाजूला जाऊन पुन्हा आपटली. आवाज आला नाही. टाच वाळूत रुतली आणि खालची मातीही थोडी दबली.

ते तिथेच उभे राहिले. इथून घराचं छप्पर हाताच्या अंतरावर दिसत होतं, आणि त्याखाली एक खिडकी, खिडकीतून पलंगाचा कोपरा.

मेहुण्याच्याही लक्षात आलं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "भराव आहे, मूळ जमीन नाही. पण आपल्याला काय? पावतीवर छापलंय, ओट्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची. सही घ्या आणि चला. मला उभं राहवत नाही."

उभं तर दाजींनाही राहवत नव्हतं. फळ्या लावायच्या, टाकी लोटत वर न्यायची, उभी करायची. तासाभराचं काम आणि मग घर. न सांगण्याइतकं सोपं काही नव्हतं. मास्तर वाळूतला एक खडा उचलून बाजूला टाकत होते, मुलाच्या कपाळावरचा केस सारावा तसा.

"मास्तर," दाजी म्हणाले, "पहार आहे का घरात?"

"कशाला?"

"द्या तर."

पहार आली. दाजींनी ती उताराच्या कडेला धरली आणि नुसता भार दिला. पहार कोपरभर आत गेली.

मास्तरांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "माती मी पाणी मारून धुमसली आहे. पातळी आठही ठिकाणी एक आहे. वही बघा."

"पातळी एक नंबर आहे. मला जमली नसती अशी. पण भरलेली टाकी दहा टन. ही बाजू खचणार."

"थोडी खचेल. मग बसेल."

"खचली की टाकी कलते. कलली की थांबत नाही."

"तुम्ही काय शिकलात हो? मी तीस वर्षं गणित शिकवलंय."

मेहुण्याने दुसरीकडे बघितलं. दाजींना राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. ते ओट्याच्या दगडावर बसले.

"शिकलो काही नाही," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी अशाच एका भरावावर मी टाकी ठेवली. तेव्हाही टाच रुतली होती. दमलो होतो, तोंडात मूग धरून बसलो. सही घेतली आणि निघालो. पावसाळ्यात टाकी खाली गेली. गोठ्यावर. दोन गाई होत्या आत."

मेहुणा त्यांच्याकडे बघत राहिला. त्या वेळीही तोच सोबत होता, आणि त्याला सांगितलं गेलं होतं की ढगफुटी झाली, दरड आली, टाकी गेली.

"त्या माणसाने मला एका शब्दाने दोष दिला नाही," दाजी म्हणाले. "पुढच्या वर्षी टाकी माझ्याकडूनच घेतली."

बाई केव्हा वर आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी पहारीकडे पाहिलं, मग खालच्या खिडकीकडे.

"इथे नको," त्या म्हणाल्या. "खळ्यावर ठेवा."

खळं म्हणजे घराच्या बाजूची मळणीची जुनी जागा, पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या खुरांनी चेचून दगडासारखी झालेली.

"तिथून घरात पाणी चढणार नाही," मास्तर म्हणाले. "नळाला येणार नाही. मग काय उपयोग?"

"खळं दारापासून वीस पावलं आहे. विहीर दोनशे. मला तेवढं पुरे."

"मी तीन महिने..."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "रोज तुमच्या पाठीला तेल मी लावलंय."

मास्तर वही मिटून खाली गेले. घराचं दार लागल्याचा आवाज आला.

खळं कठीण होतं, पण वर खडे होते आणि टोकदार खडा टाकीच्या बुडाला चालत नाही. वाळू हवी होती, आणि वाळू होती ती ओट्यावर. मेहुण्याने घमेलं उचललं. "आगीतून फुफाट्यात," तो पुटपुटला, पण कामाला लागला. दाजी भरत, मेहुणा वाहत, बाई खाली पसरवत. विसाव्या घमेल्यानंतर दाजींनी मोजणं सोडलं. त्यांच्या बोटांना पेटके येऊ लागले होते.

पंचविसावं की तिसावं घमेलं घेऊन दाजी स्वतः खाली आले तेव्हा खळ्यावर मास्तर उकिडवे बसलेले दिसले. मधोमध खुंटी ठोकून झाली होती. दोरीने वर्तुळ आखत होते. दाजींकडे त्यांनी मान वर करून बघितलं नाही. फक्त नळीचं एक टोक पुढे केलं. दाजींनी ते धरलं. आठ ठिकाणी पातळी बघितली. दोन ठिकाणी मास्तर म्हणाले, "बोटभर टाका," आणि दाजींनी बोटभर वाळू टाकली.

टाकी उतरवताना वारा सुटला. रिकामी टाकी म्हणजे फुगाच; फळीवरून घसरली ती मेहुण्याच्या हातातला दोर ओढत निघाली आणि कुंपणाला अडली. कुणाला लागलं नाही. मेहुण्याचे तळहात तेवढे सोलले. बाईंनी त्यांवर चिंध्या बांधल्या. मग चौघांनी मिळून ती लोटत आणली, कडेला जुने टायर लावले, दोर ओढला, आणि टाकी वर्तुळात उभी राहिली. मास्तरांनी पंपाचा पाइप ओट्यावरून खाली ओढून टाकीत सोडला.

"आता वीज?" दाजींनी विचारलं. आत पाणी पडेपर्यंत टाकी सोडून जाता येत नव्हतं. वाऱ्याने पुन्हा लोळली असती.

"सहाला यायला हवी," मास्तर म्हणाले. "येईलच असं नाही."

दोर दोन बाजूंच्या झाडांना ताणून बांधले, तरी टाकी हलायचीच. म्हणून चौघंही तिला पाठ टेकून बसले, वारा जिकडे ढकलत होता त्या बाजूला पाय रोवून. बाईंनी चहा आणला होता, तो निवून गेला आणि तसाच प्यायला गेला. मेहुणा बसल्या बसल्या घोरू लागला. दाजींना मणक्याचा एकेक मणी वेगळा जाणवत होता. मास्तर त्यांच्या शेजारीच होते, नजर वर ओट्याकडे लावून.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्या ओट्यावर आता काय करू?"

"हलकं काहीतरी ठेवा," दाजी म्हणाले. "खुर्ची ठेवा. खालचं रान चांगलं दिसतं तिथून."

मास्तरांना ते आवडलं नाही. त्यांनी तसं तोंडही केलं. पण उठून गेले नाहीत.

सातला घरातला दिवा लागला. मास्तर विहिरीकडे गेले, पंपाची घरघर सुरू झाली, आणि पाठीमागे टाकीत पाणी आदळू लागलं. हळूहळू पाठीला टेकलेल्या टाकीच्या भिंतीचा थरथराट थांबला. टाकी जड झाली. बाई उठल्या, टाकीच्या नळाला बादली लावली आणि तोटी सोडली. पाणी आलं. बादली भरून त्या घरात गेल्या, न थांबता.

दाजींनी दोर सोडले, गुंडाळले. पावतीवर मास्तरांनी सही केली, अक्षर सुबक.

ट्रकजवळ आल्यावर मेहुणा म्हणाला, "गोठ्याचं मला कधी बोलला नाहीत."

"ताईलाही नाही बोललो."

"सहा वर्षं?"

दाजींनी किल्ली मेहुण्याच्या चिंध्या बांधलेल्या हातात दिली.

"धरवेल चाक?"

"धरवेल. झोपा तुम्ही."

दाजी दुसऱ्या बाजूने वर चढले, डोकं काचेला टेकलं. रिकामा ट्रक खडखडत उतार उतरू लागला. पहिल्या वळणापर्यंत त्यांना जाग होती.