तळघरातला झरोका

वाइनरीच्या तळघरात आर्किटेक्टची लेक पंधरा दिवस रोज पिंपांचं तापमान मोजून वहीत लिहीत होती. सगळीकडे चौदा अंश. फक्त छतातल्या गोल झरोक्याखालच्या सहा पिंपांत साडेसतरा. दुपारचं ऊन नेमकं त्यांच्यावर उतरायचं, बराच वेळ रेंगाळायचं. त्या सहांतली वाइन आंबट होत चालली होती.

झरोका तिच्या बाबांचा. कोठारं, गोठे, वाइनरी अशा शेतावरच्या इमारतींना देखणेपण देणारा आर्किटेक्ट म्हणून त्यांचं नाव होतं, आणि या झरोक्याचे फोटो तर पुस्तकांत छापून आले होते. "अंधार दिसावा म्हणून चिमूटभर उजेड लागतो," असं ते म्हणायचे. तळघर सांभाळणाऱ्या बाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "पण सर, इथे अंधार बघायला येतंय कोण?" सगळे हसले होते. बाबाही.

आता बाबा त्र्याहत्तरचे. यानंतर काम घेणार नाही, असं सांगून बसलेले. झरोका बुजवायचा हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? लेकीने पळवाट काढली. सुधारित नकाशावर 'बदलाचे कारण' असा रकाना असतो. त्यात तिने लिहिलं : 'छतातून ओल येते.' बाबांच्या नावाला धक्का नको.

सहीसाठी कागद पुढे केला, तसा बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ओल? कुठाय ओल?"

"आहे थोडी."

"ताप नसताना थर्मामीटर लावून शाळा बुडवायचीस, तेव्हाही असंच तोंड व्हायचं तुझं. वही आण."

तिने वही दिली. एकेका आकड्यावर बोट ठेवत त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"छत बांधणाऱ्या गवंड्याला माहीत आहे, ओल त्याच्या माथी मारलीस ते?"

तिने वही मिटली.

"तीस वर्षं आहे तो माझ्याबरोबर. एक थेंब गळू दिला नाही त्याने."

त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं : 'आर्किटेक्टची चूक.' अक्षरं रकान्याबाहेर गेली.

"बाबा, एवढं कशाला?"

"उद्या कुणी फोटो बघून असाच झरोका करेल. आंबट वाइन फोटोत दिसत नाही गं." त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "आकडा तू लिही. माझा एक हल्ली नऊसारखा दिसतो."

तिने लिहिलं : १७.५ अंश. मग त्यांनी सही केली.