पाठातली आई

हबसातू माझ्याकडे शिकायला आली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि तिला हौसा भाषेतले तीनच शब्द येत होते: पाणी, मीठ आणि आई. अंगावरचं दूध तुटताच आत्यानं तिला दूर दक्षिणेतल्या इबादानला नेलं होतं. आत्याचं सासर योरुबा, त्यामुळे घरात तीच भाषा. आता ती तिथल्याच एका रुग्णालयात परिचारिका होती. महिन्याची रजा काढून ती उत्तरेला, झारियाला आली, कारण तिची आई लामी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती.

लामीचं घर माझ्या गल्लीतच. मी चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती आणि निवृत्तीनंतरही परगावच्या लोकांना शिकवत असे. सगळे मला 'मालमा', म्हणजे शिक्षिका, म्हणत. हबसातू पहिल्या दिवशी इंग्रजीत म्हणाली, "आई माझ्याकडे बघतही नाही, मालमा. धाकट्या बहिणीशी, शेजारणींशी बोलते. मी समोर बसले की भिंतीकडे तोंड करते. मला भाषा येत नाही म्हणूनच असेल ना?"

"शिकशील," मी म्हणाले. "तीन आठवडे पुष्कळ झाले."

तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पण हौसा घरातल्या मुलीला आई का बघत नाही हे सांगावं लागेल, असं माझ्या मनातही आलं नाही. इतकं तिला ठाऊक असेलच, असं मी धरून चालले.

ती मनापासून शिकली. आमच्या भाषेत काळ क्रियापदापेक्षा कर्त्याला चिकटतो, हे तिला फार आवडलं. 'ना झो' म्हणजे मी आले, 'झान झो' म्हणजे मी येईन. येणं तेच राहतं, येणाराच बदलतो. नकाराला मात्र ती अडली. आमचा नकार वाक्याला दोन्ही टोकांनी धरतो, एक 'बा' आधी आणि एक शेवटी. "दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांसारखं," मी समजावलं.

"मग आत जायचं कुठून?" तिनं विचारलं, आणि वहीत खाली मान घालून लिहीत राहिली.

योरुबात 'तो' आणि 'ती' हा भेद नाही, म्हणून तिथेही ती चुके. एकदा धाकटी बहीण साउदे तिला न्यायला आली होती. हबसातूनं तिच्या नवऱ्याची चौकशी केली, आणि साउदे ओसरीवरच हसत बसली. "माझ्या घरधन्याला बाई करून टाकलंस की, ताई! बरं झालं. आता चूलही तोच पेटवेल."

हबसातूही हसली. त्या तीन आठवड्यांत मी तिला हसताना एवढंच पाहिलं.

बारावा पाठ 'आई आणि मुलगी' असा होता. शिक्षकानं एक भूमिका घ्यायची, विद्यार्थ्यानं दुसरी. मी आई झाले.

"हबसातू, माझ्या लेकी, ये, बस. जेवलीस का?"

"हो, इन्ना. जेवले."

तिनं उत्तर बरोबर दिलं होतं, तरी पान उलटू दिलं नाही. "पुन्हा म्हणा, मालमा."

मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तिनं तोच पाठ मागितला. उच्चार पक्के करते आहे, असं मला वाटलं. पाठातल्या आया आपल्या मुलांना नावानं हाक मारतात. त्याशिवाय पाठ लिहिणार तरी कसा? माझी आई मला जन्मभर 'ही' म्हणाली, कारण मीही तिची पहिलीच होते. आमच्या पिढीच्या बायका पहिल्या लेकराचं नाव ओठांवर आणत नाहीत, चारचौघांत त्याला जवळ घेत नाहीत. माया उघडी पडण्याची लाज वाटते. मी याच सगळ्यात वाढले होते, आणि तरीही तो पाठ पाच दिवस आनंदानं वाचून दाखवला.

शुक्रवारी सकाळी लामीच्या खोलीत शेजारणी जमल्या होत्या. मीही चटईवर होते. हबसातू आली, दाराशी गुडघे टेकून तिनं रात्र कशी गेली, दुखणं कसं आहे, सगळं क्रमानं विचारलं. बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. मलाही अभिमान वाटला. मग ती अंथरुणाजवळ सरकली.

"इन्ना, मी हबसातू. मला एकदा नावानं हाक मार."

वाक्य निर्दोष होतं. पण एक म्हातारी तोंडाशी हात धरून म्हणाली, "अगं पोरी, चार बायकांत आईला असं उघडं पाडतात होय?" दोघीतिघी ओशाळवाण्या हसल्या.

लामीनं डोक्यावरचा कपडा तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. कपड्याआडून तिचा आवाज आला, "साउदे, पाहुण्यांना पेज दे."

हबसातूला ते वाक्य पूर्ण समजलं. मीच शिकवलं होतं.

मी अंगणात गेले तेव्हा ती पिशवी भरत होती. मी घाईघाईनं इंग्रजीत सगळं सांगितलं: लाज, पहिलं मूल, माझी आई. ती ऐकत होती आणि कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हणजे साउदेला हाक मारते कारण ती धाकटी, आणि मला मारत नाही कारण मी लाडकी?"

"तसंच आहे."

"तुमच्याकडे तीन आठवडे होते, मालमा. तुम्ही मला पळी शिकवलीत, शेळी शिकवलीत. आणि आई झालात."

दुपारच्या गाडीनं ती गेली. हरमाटनची, वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्याची, धूळ इतकी होती की गल्लीच्या वळणापर्यंतही ती दिसली नाही.

रविवारी लामीनं मला बोलावून घेतलं. चेहरा सुजला होता. "ती तुझी शिकणारी," ती म्हणाली, "जेवून गेली का?"

"नाही."

तिनं डोळे मिटले. मी फोन तिच्या उशाशी ठेवला. "लामी, आवाज पाठवता येतो. कुणी ऐकणार नाही. एकदा नाव घे."

"तू बाहेर जा," ती म्हणाली.

मी दाराबाहेर उभी राहिले. तिनं हाक मारल्यावर आत गेले आणि न ऐकताच ते हबसातूला पाठवून दिलं. घरी येऊन ऐकलं. आधी नुसती घरघर. मग: "धूळ फार आहे. तिकडेही असेल. डोक्यावरून कपडा घ्यावा. जेवण वेळेवर करावं." मग शांतता. मग एक श्वास, हाक मारण्याआधी माणूस घेतो तसा. पुढे काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी लामी गेली. आमच्याकडे थांबत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर तिला पुरलं. इबादानहून निघालेली हबसातू तोवर पोचली नाही. वाटेतूनच तिचा निरोप आला, हौसा भाषेत लिहिलेला:

"मालमा, आई काय म्हणाली ते सगळं समजलं. माझं नाव तिनं घेतलं नाही."

सवयीनं मी ती वाक्यं तपासली. नकार जागेवर होता. एकही चूक नव्हती.