पूर्वेकडचा चौकोन

बायकोच्या गाडीत माझ्या जागेवर आता दातांचा खोका बसतो. वळणावर तो घसरू नये म्हणून ती त्याला माझाच पट्टा लावते. रोज सकाळी मी खिडकीतून हे बघतो आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. खोट्या दातांच्या खोक्यावर जळणारा मी जगातला पहिलाच माणूस असेन, पण जळतो हे खरं आहे.

आमचं काम असं की, शहरातल्या दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे साचे गोळा करून कारखान्यात द्यायचे आणि तयार झालेल्या कवळ्या ज्याच्या त्याच्या दवाखान्यात पोचवायच्या. अठरा वर्षं गाडी तिनं चालवली आणि वाट मी सांगितली. मला गाडी येत नाही. पण कुठली गल्ली कितीला तुंबते, कुठल्या डॉक्टरच्या दारात गाडी लावली की शेजारचा भांडायला येतो, हे सगळं माझ्या डोक्यात. "आता डावीकडे घे. अगं डावीकडे म्हटलं ना! झोपलीस का?" असं आमचं दिवसभर चालायचं. आमचा संसारच मुळी त्या दोन सीटांवर झाला.

मग गेल्या वर्षी खोका उचलताना माझ्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टर म्हणाले, गाडीत बसणं बंद. किती दिवस, असं मी विचारलं तर ते माझ्याकडे न बघता बायकोकडे बघायला लागले.

वर्षभर तिनं एकटीनं कसंबसं निभावलं, मग कारखान्याच्या मालकांनी तिला जीपीएसचं यंत्र दिलं. तळहाताएवढं, काचेला चिकटवायचं. त्यातून एक पुरुष बोलतो. घशात मध असल्यासारखा आवाज. "कृपया दोनशे मीटरवर उजवीकडे वळा." अठरा वर्षांत मी तिला एकदाही कृपया म्हटलेलं नव्हतं.

"चुकलं तरी चिडत नाही हो," पहिल्याच दिवशी घरी आल्या आल्या ती म्हणाली. "नुसतं म्हणतो, नवा मार्ग शोधत आहे. इतकं बरं वाटलं!"

मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. पुढच्या सीटसमोर त्याचं आसन, रोज मऊ फडक्यानं पुसणं, संध्याकाळी आठवणीनं चार्जिंग. माझ्या पाठीला तेल लावायचं राहिलं तरी चालेल, पण जावईबापू उपाशी झोपता कामा नये. बायकांना निदान सवत हा शब्द तरी आहे. पुरुषानं जळायचं तर त्याला धड शब्दही नाही.

आणि यावर कडी म्हणजे त्याच्या पोटात नकाशे भरायचं काम माझ्याकडे आलं. "तुम्ही घरीच असता, आणि तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं," ती म्हणाली. मागच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. यंत्राबरोबर आलेलं नकाशांचं सॉफ्टवेअर मी त्यात घातलं. ते उघडलं की अख्खं शहर नऊ चौकोनांत दिसतं. हवा त्या चौकोनावर टिचकी मारली की तो गुलाबी होतो. सगळे गुलाबी करायचे, केबल जोडायची आणि पाठवायचे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची: नवा नकाशा गेला की यंत्रातला जुना पुसला जातो. त्यामुळे दर रविवारी नवे दवाखाने घालताना नऊच्या नऊ चौकोन पुन्हा निवडावे लागतात. एखादा राहिला तर तेवढा भाग यंत्रात कोराच.

पहिले दोन रविवार मी इमानेइतबारे नऊ निवडले. तिसऱ्या रविवारी ती बाहेर जावईबापूंसाठी नवं फडकं शिवत बसली होती. माझ्या जुन्या बनियनचं. मी आठ चौकोन गुलाबी केले. पूर्वेकडचा नववा तसाच पांढरा ठेवला आणि पाठवून दिलं. वाईट वाटलं वगैरे काही नाही. उलट फार दिवसांनी बरं वाटलं.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"अहो, नकाशा संपला."

"संपला म्हणजे?"

"पाण्याच्या टाकीपर्यंत आहे. पुढं सगळं पांढरं. नुसता बाण दिसतोय, त्याला रस्ताच नाही. आणि हा पण बोलायचा बंद झालाय."

"असू दे. मी आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य म्हणायला मिळून मला वर्ष झालं होतं. "टाकीपासून उजवीकडच्या गल्लीत घे. शाळेची भिंत संपली की डावीकडे."

"हं. वळले."

"भिंत दिसली?"

"दिसली, दिसली. हं, आता डावीकडे."

मी डोळे मिटून गादीवर पडलो होतो आणि गल्ली न् गल्ली मला दिसत होती. पूर्वेकडचे चारही दवाखाने मी तिला एका दमात सांगून टाकले. शेवटी ती म्हणाली, "पोचले पहिल्याकडे. तुम्ही नसतात तर आज काही खरं नव्हतं." फोन ठेवला आणि मी एकटाच हसत बसलो.

रात्री तिनं विचारलं तर मी सांगितलं, यंत्राच्या कंपनीकडेच तेवढा भाग नसेल. ती म्हणाली, "असेल तसंच." मग रोज टाकीपाशी नकाशा संपायचा, रोज फोन यायचा. तीन आठवडे माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता.

मग एका रविवारी यंत्रानं तक्रार केली की जागा भरली. ते फिरलेल्या वाटेचा माग ठेवतं. तो माग कॉम्प्युटरवर उतरवून घेतला की जागा मोकळी होते. मी उतरवला. पडद्यावर निळी रेघ उमटली. मोठ्या कौतुकानं मी ती बघत होतो. ही वळली, ही थांबली, हा कारखाना, हा उर्मट डॉक्टर. आणि मग टाकीपाशी रेघेची गाठ दिसली. बाजूच्या यादीत लिहिलं होतं: अकरा मिनिटं, शून्य मीटर. दुसऱ्या दिवशी तेरा मिनिटं, शून्य मीटर. शनिवारी चौदा. तीन आठवड्यांत एक दिवस चुकलेला नाही.

त्या टाकीपाशी दवाखाना नाही. कॉम्प्युटरवर नकाशा पूर्ण होता. मी मोठा करून पाहिला तर गाठीच्या बरोबर समोर एकच दुकान होतं, टायरचं.

तो टायरवाला मला चांगला आठवत होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं चाकात हवा भरून दिली होती आणि न मागता काचही पुसली होती. डोक्यावर रग्गड केस. वर सारखा हसायचा. माणसाचे दात इतके पांढरे असू नयेत, आणि दातांतलं मला कळतं.

माझं टाळकं सटकलं. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "टाकीपाशी आता कसं आहे गं?"

"कसं असणार? टाकी आहे."

"आणि तो टायरवाला?"

"असेल की," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

त्या 'असेल की'नं माझी झोप उडवली. सकाळी बघतो तर ती थर्मासमध्ये चहा भरत होती. मी कप मोजले. दोन. एकट्या बाईला दोन कप चहा कशाला लागतो? जावईबापू परवडला, असं मला वाटायला लागलं. त्याला निदान केस तरी नाहीत. आणि मी मूर्ख! चौकोन मीच कोरा ठेवला. तिला तिथं थांबायला निमित्त मीच हातात आणून दिलं.

बुधवारी ती गेल्यावर मी कमरेला पट्टा आवळला आणि बस पकडली. बसणं शक्य नव्हतं, म्हणून दांडीला लोंबकळत गेलो. प्रत्येक खड्ड्याला मला टायरवाल्याचे दात दिसत होते. टाकीच्या आधीच्या थांब्यावर उतरलो, चालत गेलो आणि रस्त्यापलीकडच्या जाहिरातीच्या फलकामागं उभा राहिलो. या वयात, पट्टा बांधून, बायकोवर पाळत. कुणी ओळखीचं भेटलं असतं तर मी काय सांगणार होतो कुणास ठाऊक.

टायरच्या दुकानाचं शटर खाली होतं. कुलपाला गंज चढलेला. वर पाटी होती, दुकान दुसरीकडे हलवलं आहे. पाटीवरची अक्षरंसुद्धा उन्हानं उडून गेली होती. म्हणजे टायरवाला केव्हाच गेला होता. मग कोण?

तेवढ्यात आमची गाडी आली. टाकीच्या सावलीत तिनं ती नीट कडेला लावली, इंजिन बंद केलं. चपला काढून पाय वर घेतले. थर्मासमधून चहा ओतला, एक घोट घेतला आणि फोन कानाला लावला. मी फलकाआडून मान पुढं काढली.

माझ्या खिशात फोन वाजला.

"अहो, नकाशा संपला बघा."

"कुठं आहेस?" मी विचारलं.

"टाकीपाशी. चालूच आहे गाडी. सांगा."

"टाकीपासून उजवीकडे," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मान वळवून उजवीकडे पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी अडथळे लावले होते. रस्ता बंद. आत सगळं खणून ठेवलेलं, आणि मातीच्या ढिगाऱ्यावर गुडघाभर गवत उगवलेलं. कितीतरी महिने तिथून सायकलही गेली नसणार.

"हं, वळले," चहाचा घोट घेत ती म्हणाली.

"शाळेची भिंत..."

"दिसली."

"ती संपली की डावीकडे."

"हो हो. हळू सांगा, मागं गाडी आहे."

मागं कुत्रंसुद्धा नव्हतं. ती अंगठ्यानं पायाचा तळवा दाबत होती आणि मान हलवत होती, मी समोर बसून सांगतोय अशी. आधी मला राग आला. असा राग आला की पलीकडे जाऊन तिच्या हातातला कप हिसकावून घ्यावा. तिला सगळी वाट पाठ होती. आज पाठ होती म्हणजे आधीही असणार. मग अठरा वर्षं मी ओरडून ओरडून कुणाला सांगत होतो? डावीकडे म्हटल्यावर ती मुकाट वळायची ती माझं ऐकून, की तिला तिकडेच जायचं होतं म्हणून?

"गप्प का झालात?" फोनमधून आवाज आला. "आणि आवाज कसला येतोय एवढा?"

"खिडकी उघडी आहे."

"कंबर कशी आहे? पट्टा लावलाय ना? उगाच उठू नका, पडून राहा."

"पडूनच आहे," मी म्हणालो. मी उन्हात उभा होतो आणि पाठीतून कळा निघत होत्या. दोघंही धडधडीत खोटं बोलत होतो आणि मध्ये फक्त एक रस्ता होता.

उरलेल्या तीन दवाखान्यांची वाट मी तिला सांगितली. मुद्दाम सावकाश, तिथं नसलेली वळणंसुद्धा सांगितली. मग ती म्हणाली, "पोचले हो. तुम्ही नसतात तर..." आणि फोन ठेवला. दुसरा कपही तीच प्यायली. पायात चपला घातल्या, दातांच्या खोक्याचा पट्टा एकदा ओढून पाहिला आणि गाडी डावीकडे वळवून निघून गेली. मी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

घरी येऊन कॉम्प्युटरवर ती यादी पुन्हा पाहिली. 'अकरा मिनिटं'च्या शेजारच्याच रकान्यात घड्याळातली वेळ लिहिली होती. रोज तीच, तिच्या फोनची. ती वेळ आणि टाकीपुढं डावीकडे गेलेली रेघ आधी नीट पाहिली असती तर माझ्या कमरेचे हाल वाचले असते. तीन दिवस मी ज्या माणसावर जळत होतो तो मीच होतो. पण जळणं काही लगेच थांबलं नाही. फोनवरच्या त्या माणसासाठी ती रोज गाडी थांबवते, चपला काढते. शेजारी बसलेल्यासाठी तिनं असं कधी केलं नव्हतं, आणि त्यात दोष कुणाचा, हेही मला कळत होतं.

रविवारी मी कॉम्प्युटरपाशी बसलो. केबल जोडली. आठ चौकोन गुलाबी केले आणि मग नववाही केला. ती दारात उभी राहून जावईबापूंचं फडकं झटकत होती.

"पूर्वेकडचा भाग यात आहे," मी म्हणालो. "माझ्याकडूनच राहिला होता. आज घातला."

तिनं पडद्याकडे पाहिलंही नाही. "काढा तो," ती म्हणाली. "एवढा सगळा नकाशा कशाला? यंत्र हळू चालतं त्यानं."

मी टिचकी मारली. चौकोन पांढरा झाला.

सोमवारी नेहमीच्या वेळेला फोन आला.

"अहो, नकाशा संपला."

"गाडी सावलीत लावलीस ना?" मी विचारलं.

पलीकडे थर्मासचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं.

"लावलीय," ती म्हणाली. "बोला आता."